भन्सार किती दिवसांचं? नाशिकहून मुक्तिनाथला आपल्या गाडीने

नेपाळमधल्या मुक्तिनाथला पोखऱ्याहून विमानाने जोमसोम गाठून जाता येतं, यात्रा कंपनीच्या बसनेही जाता येतं. आम्ही घरच्या बोलेरोने गेलो. त्यासाठी नेपाळच्या सीमेवर भन्सार, म्हणजे गाडी ठरावीक दिवस आत नेण्याचा परवाना, घ्यावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२४ ला निघालो आणि ८ डिसेंबरला परतलो. निघण्याआधीचे तीन महिने मी जी माहिती शोधत होतो, ती मराठीत एका जागी सापडली नाही. म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवतोय. कुणाला तरी उपयोग होईल.

आम्ही तिघं होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ७१. मी. आणि बायको. अण्णा एस.टी.त ३१ वर्षं चालक होते. एवढी वर्षं गाडी चालवली, पण कुठे जायचं ते कायम डेपोने ठरवलं. मुक्तिनाथ त्यांच्या मनात होतं ते शाळिग्रामामुळे. आमच्या देवघरातला शाळिग्राम पणजोबांच्या वेळचा आहे आणि तो गंडकीतून येतो एवढंच त्यांना माहीत होतं. ती नदी एकदा बघायची, तीही आपल्या गाडीने जाऊन, असं ते म्हणायचे. विमानाचं तिकीट काढून देतो म्हटलं तर नको म्हणाले.

माझं कारण वेगळं होतं. कॉलेजात असल्यापासून मला ओव्हरलँडिंगचं वेड. हा शब्द ऑस्ट्रेलियातला. एकोणिसाव्या शतकात गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नव्या वसाहतींपर्यंत नेणाऱ्यांना तिथे ओव्हरलँडर म्हणत. पुढे तो शब्द गाडीने देशामागून देश ओलांडणाऱ्यांना लागला. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरपर्यंत गेले. १९५७ साली लंडन ते कलकत्ता बस धावली. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे काठमांडूपर्यंत येणारी तरुण मंडळी तर साठ-सत्तरच्या दशकात रीघ लावून येत होती. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली. मला त्या वाटेचा निदान शेवटचा तुकडा चाकाखाली हवा होता. एक आंतरराष्ट्रीय सीमा, आपली नंबर प्लेट, आपल्या हातात स्टिअरिंग.

बायकोला यातलं काहीच नको होतं. ती सुरुवातीलाच म्हणाली, "मला जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबायचं. दोन दिवसांत सातशे किलोमीटर वगैरे मला सांगू नका." तेव्हा मी हो म्हणालो. ते किती महत्त्वाचं होतं हे मला सीमेवर कळलं.

आता कागद. सगळ्यात जास्त वेळ विम्याने खाल्ला, म्हणून तो आधी सांगतो. आपली नेहमीची गाडीची पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या देशांसाठी ती वाढवून घेता येते. त्या जोडकलमाला 'आय.एम.टी. १' म्हणतात, म्हणजे भौगोलिक क्षेत्राची वाढ. हे नाव पाठ करून जा, कारण नुसतं "नेपाळला जायचंय" म्हटलं की समोरचा माणूस प्रवास विमा विकायला लागतो. मी ३ सप्टेंबरला विमा कंपनीला पहिला ईमेल केला. फोनवर सांगण्यात आलं की अशी सोयच नाही. दुसऱ्या ईमेलला उत्तर आलं नाही. शेवटी २३ सप्टेंबरला सुट्टी टाकून शाखेत गेलो, पॉलिसीच्या छापील अटी पुढे ठेवल्या आणि कलमावर बोट ठेवून दाखवलं. तिथल्या बाईंनी शांतपणे वाचलं आणि वरिष्ठांना विचारलं. १४ ऑक्टोबरला एंडोर्समेंट, म्हणजे ते जोडकलम, हातात पडलं. खर्च ५०० रुपये अधिक जी.एस.टी., म्हणजे ५९०. एवढ्याशा रकमेसाठी सहा आठवडे गेले. पण घाटात एखाद्या ट्रकने घासलं असतं तर आपल्या गाडीला काहीच संरक्षण नाही, या विचाराने मला झोप लागली नसती. किमान दोन महिने आधी सुरुवात करा.

ओळखपत्राचं असं आहे की भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण नुसतं आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना मात्र आधारवर जाता येतं, त्यामुळे अण्णांचं काम सोपं झालं. माझ्याकडे पासपोर्ट होता, बायकोकडे मतदार ओळखपत्र. आपला गाडी चालवण्याचा परवाना नेपाळमध्ये चालतो. आर.सी., पी.यू.सी., विमा आणि परवाने मूळ कागदाच्या रूपात न्या आणि प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढा. मोबाइलमधला कागद सीमेवरच्या खिडकीत कुणी बघत नाही. आर.सी. अण्णांच्या नावावर आणि अण्णा गाडीत, म्हणून आम्हाला प्रश्न आला नाही. मालक सोबत नसेल तर त्याचं संमतिपत्र नोटरी करून न्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही घ्या.

पैशांचा मुद्दा वेगळाच. आम्ही गेलो तेव्हा नेपाळमध्ये १०० रुपयांपर्यंतच्याच भारतीय नोटा चालत होत्या. दोनशे-पाचशेच्या नोटा तेव्हा कायद्याने बाद होत्या. शंभर भारतीय म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. मी बँकेतून शंभराच्या नोटांची तीन बंडलं घेतली, ३० हजार. तेव्हा राज्यात विधानसभेची आचारसंहिता होती आणि ५० हजारांवर रोकड सापडली तर हिशेब द्यावा लागत होता. आमची रक्कम त्याच्या आत होती, तरी पैसे काढल्याची स्लिप मी पाकिटात जपून ठेवली. २० तारखेला मतदान होतं. अण्णांनी बजावलं, मत दिल्याशिवाय गाडी हलणार नाही. म्हणून २१ तारीख ठरली. तिघांच्या डाव्या तर्जनीवर शाई होती.

नाशिक ते नेपाळ सीमेवरचं सोनौली साधारण १६०० किलोमीटर. धुळे, सेंधवा, इंदूर, गुना, झाशी, लखनौ, गोरखपूर. पहिला मुक्काम इंदूर, दुसरा झाशी, तिसरा लखनौ, चौथा गोरखपूर. रस्ता चांगला आहे, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. अण्णांनी देवासच्या पुढे दीडशे किलोमीटर गाडी चालवली. डोंगरात त्यांनी चालवायची नाही हे आम्ही घरीच ठरवलं होतं आणि त्यांनी ते मान्यही केलं होतं. पण किल्ली परत देताना त्यांचा हात क्षणभर थांबला, तो मला दिसला. तेव्हापासून त्यांनी डायरीत लॉगशीट लिहायला घेतलं. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, किलोमीटर, डिझेल, चालक. एस.टी.त लिहायचे तसंच.

२५ नोव्हेंबर, सोमवार. सोनौलीच्या अलीकडे ट्रकची रांग लागली होती. छोट्या गाड्यांना बाजूने सोडतात. चहाला थांबलो तिथे एक ट्रकचालक भेटले, बिहारचे. कांदा घेऊन आले होते, नाशिक जिल्ह्यातलाच. महिन्यातले २०-२२ दिवस केबिनमध्ये राहतो म्हणाले. सीटमागे फळी, त्यावर गादी, एक छोटा स्टोव्ह, देवाचा फोटो, लेकीचा फोटो. त्यांनी विचारलं, "आप लोग घूमने के लिए गाड़ी में रह रहे हो?" मी हो म्हणालो. ते थोडा वेळ आमच्या टपावरच्या सामानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हमको छुट्टी मिले तो हम घर के आँगन में सोते हैं." अण्णांनी मान हलवली. त्या दोघांचं नंतर पाऊण तास क्लचप्लेटवर बोलणं चाललं.

सीमेच्या कमानीतून पलीकडे गेलं की बेलहिया. घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. आधी नेपाळी पोलिसांच्या टेबलावर नोंद, मग भन्सार कार्यालय. भन्सार म्हणजे जकात. परदेशी गाडी तात्पुरती आत आणायचा परवाना तिथे मिळतो आणि दिवसाच्या हिशेबाने पैसे भरावे लागतात. चारचाकीला रोजचे पाचशे-सहाशे नेपाळी रुपयांच्या घरात पडतात. नेपाळचं अर्थवर्ष जुलैच्या मध्याला बदलतं आणि त्याबरोबर दरही बदलू शकतात, तेव्हा जाण्याआधी ताजा आकडा पाहून घ्या. एका वर्षात गाडी जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते. बाहेर दलाल लगेच जवळ येतात. त्यांची गरज नाही, खिडकीवर थेट काम होतं. फॉर्म भरायला अर्धा तास, रांगेत दीड तास, आणि वीज गेली म्हणून आणखी चाळीस मिनिटं.

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "कति दिन?"

मी म्हणालो, सात. त्याच वेळी मागून अण्णा म्हणाले, दहा. बायको म्हणाली, "बारा. एखादा दिवस काहीच न करता बसायला नको का?"

कारकून पेन हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. मला आतून धस्स झालं. तीन महिने मी नकाशे आखले, कागद जमवले, पण या दोघांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला किती दिवस हवेत. माझ्या सात दिवसांत सीमा, घाट आणि परत येणं होतं. अण्णांच्या दहात नदीकाठ होता. बारा दिवसांचे पैसे भरले. मुदत उलटून गाडी आत राहिली तर दंड जबर असतो, म्हणून एक-दोन दिवस वाढवूनच घ्या. शिक्का मारलेली ती पावती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, वाटेत पोलीस तीच मागतात.

भैरहवात नेपाळी सिम घेतलं. त्याला ओळखपत्राची प्रत आणि फोटो लागतो. त्या रात्री बुटवल. दुसऱ्या दिवशी सिद्धार्थ राजमार्गाने पोखरा. बुटवल सोडताच सिद्धबाबाचा टप्पा लागतो. तिथे दरडी कोसळतात, म्हणून बोगद्याचं काम चालू होतं. आम्ही दीड तास रांगेत उभे होतो. हा टप्पा सकाळी लवकर पार करा. उत्पत्ती एकादशी होती. अण्णा दरवर्षी या दिवसांत आळंदीला असतात. गाडीत बसूनच त्यांनी हरिपाठ म्हटला.

पोखऱ्यात २७ तारीख परवान्याची. मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतं. त्याचं प्रवेशपत्र सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपये, इतर परदेशी लोकांना ३०००. प्रत्येकी दोन फोटो आणि ओळखपत्र. तासाभरात मिळालं.

दुपारी फेवा तलावाच्या कडेने पामेच्या बाजूला गेलो. गवतावर दोन मोठ्या परदेशी गाड्या उभ्या होत्या. एक जुना लष्करी ट्रक, मागे लाकडी खोली बांधलेली, जर्मन प्लेट. साठीच्या आसपासचं जोडपं. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत वाघ्याहून भारतात आले होते. मी ज्याचं स्वप्न बघत होतो ते जगणारी माणसं समोर बसली होती. त्यांनी मला कार्नेट दाखवलं. भारतासारख्या देशात गाडी तात्पुरती न्यायची तर कर न भरता ती या पुस्तिकेवर नेतात. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक आत शिरताना जकातवाले फाडून घेतात, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसरा दोन्ही शिक्क्यांसह पुस्तिकेत राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर ते सरकार धरून चालतं की गाडी तिथेच विकली, आणि आयातशुल्क मागतं. त्यासाठी मोठी रक्कम घरच्या ऑटोमोबाइल क्लबकडे तारण असते. ट्रकवाल्या बाई म्हणाल्या, घर विकलं, आता हेच घर. दिवसभराची त्यांची मुख्य चिंता पाणी कुठे भरायचं आणि संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, ही. पुढच्या देशाची त्यांना घाई नव्हती. एका जागी तीन आठवडे झाले होते.

अण्णा ट्रकभोवती फिरून आले आणि म्हणाले, "ही तर मुक्कामी गाडी." मुक्कामी गाडी म्हणजे रात्री खेड्यात थांबून पहाटे परत निघणारी एस.टी. अण्णा कित्येक वर्षं अशा गाडीच्या सीटवर झोपले. देवळातून घोंगडी मिळायची, कुणाच्या तरी घरून भाकरी. मी ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ट्रकवाल्या बाबांनी त्यांना चालकाच्या जागेवर बसवलं. अण्णा स्टिअरिंग धरून बराच वेळ बसून होते.

२८ ला पोखरा, बेनी, तातोपानी. त्या दिवशी कार्तिक वद्य त्रयोदशी, माउलींच्या समाधीचा दिवस. तातोपानीला गरम पाण्याची कुंडं काली गंडकीच्या अगदी काठावर आहेत. अण्णा नदीपाशी उतरले आणि अंधार पडेपर्यंत दगड चाळत बसले. शाळिग्राम मिळाला नाही.

बेनीच्या पुढचा रस्ता निम्मा डांबरी, निम्मा खडी-मातीचा. घासाच्या अलीकडे टायर फाटला. स्टेपनी होतीच, पण पंक्चरचं सामान आणि हवेचा छोटा पंपही न्या, कारण फाटलेला टायर जोमसोमलाच दुरुस्त झाला. इथे एका बाजूला धौलागिरी, ८१६७ मीटर, आणि दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, ८०९१ मीटर. मधून नदी जाते. दुपारी या खिंडीतून प्रचंड वारा सुटतो. वरचं पठार तापलं की खालची हवा या फटीतून वर खेचली जाते. जोमसोमची विमानं सकाळीच उडतात ती त्यामुळे. आम्हीही रोज सहाला निघून अकराच्या आत मुक्काम गाठायचो.

२९ ला मार्फा, सुमारे २६५० मीटर. रात्री अण्णांचं डोकं दुखायला लागलं. नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की डोकेदुखी असताना वर चढायचं नाही, थांबायचं किंवा उतरायचं. ३० तारखेला आम्ही मार्फाला थांबलो. सात दिवसांचं भन्सार घेतलं असतं तर त्या सकाळी मी घड्याळाकडे बघत, त्यांना बरं वाटतंय का असं पुन्हापुन्हा विचारत बसलो असतो, आणि ते हो म्हणाले असते. ही गोष्ट आठवली की अजून पोटात कालवतं. त्या दिवशी बायको सफरचंदाच्या बागेजवळ उन्हात बसून स्वेटर विणत होती. तिने मागितलेला रिकामा दिवस हाच.

१ डिसेंबरला अण्णा ठणठणीत. गाड्या रानीपौवा गावापर्यंत जातात, पुढे देऊळ चढावर, ३७०० मीटरच्या थोडं वर. अण्णा सव्वा तासात, पाच वेळा थांबून चढले. देवळामागे १०८ धारा आहेत, गोमुखातून सतत वाहणाऱ्या. पाणी असह्य गार. अण्णांनी आंघोळीचा हट्ट धरला नाही. पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत प्रत्येक पाण्याला हात लावत ते चालत गेले आणि मोजत होते. बौद्ध भिक्षुणीही तिथेच असतात, हे स्थान त्यांचंही आहे. खाली ज्वालामाईच्या देवळात जमिनीतल्या वायूवर जळणारी निळी ज्योत आहे. ती जाळीतून वाकून बघावी लागते.

परतीचा घाट मी चालवला. ५ डिसेंबरला बेलहियाला भन्सारची पावती परत करून गाडी बाहेर गेल्याची नोंद केली. ही नोंद चुकवू नका, पुढच्या वेळी गाडी आत नेताना अडचण येते. बारातले अकरा दिवस वापरले होते. खर्च तिघांचा मिळून: डिझेल २७ हजार, टोल साडेसहा हजार, राहणं-जेवण ३८ हजार, भन्सार, परवाने आणि विमा मिळून साडेसात हजार, टायर आणि किरकोळ पाच हजार. एकूण ८४ हजार रुपये.

गोरखपूर सोडल्यावर बायकोने किल्ली मागितली. तिच्याकडे परवाना आठ वर्षांपासून आहे, पण ती शहराबाहेर कधी चालवत नव्हती. वाटेतल्या बस्ती गावापर्यंत चालवते म्हणाली, आणि लखनौपर्यंत चालवली. ६ डिसेंबरच्या पानावर अण्णांच्या अक्षरात असं आहे: गोरखपूर सुटली ७.१०, लखनौ पोच १२.५०, कि.मी. २७२, पंक्चर नाही. चालक: सूनबाई.